चंद्रकला गप्प झाली तेव्हा

नागपूरच्या सदरमधल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी चंद्रकलाच्या घशातली नळी बाहेर काढली, हातमोजे उतरवले आणि अगदी सहज सांगितलं, "आवाजाच्या पडद्यांवर दोन गाठी आहेत. साध्या आहेत, घाबरायचं कारण नाही. छोटंसं ऑपरेशन करू. पण त्यानंतर तीन आठवडे बोलायचं नाही. एक अक्षर नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा जागेश्वर बसला होता. गाठी म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला होता. 'बोलायचं नाही' ऐकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. त्यानं खोकल्याचं सोंग केलं, रुमाल तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना.

"म्याडम," तो डोळे पुसत म्हणाला, "गाठीचं तुम्ही पाहून घ्यान. पर हिले गप्प कसं ठेवाचं ते सांगा. हे झोपेतही बोलते."

"काहून, मी का येवढी बोलतो?" चंद्रकला घोगऱ्या आवाजात उसळली, आणि पुढची पाच मिनिटं ती का बोलते, किती बोलते आणि जागेश्वर तिच्याहून कसा जास्त बोलतो हे डॉक्टरीणबाईंना समजावून सांगत राहिली. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि ऑपरेशनची तारीख अलीकडची दिली.

चंद्रकला धकातेला हुडकेश्वर ते मानेवाडा या पट्ट्यात ओळखत नाही असं घर शोधावं लागेल. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं बारीक, पण मनगटं पैलवानासारखी. धंदा मालिशचा. सासूनं शिकवलेला. बाळंतिणी, तान्ही बाळं, आखडलेल्या पाठी, वर होत नसलेले खांदे. लाल स्कुटीच्या डिकीत तिळाच्या तेलाची बाटली, एक कटोरी आणि धुऊन मऊ झालेल्या दोन सुती साड्या. आणि हाताबरोबर तोंड सुरू. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात न्यायची नाही, हे तिनं कधी मोडलं नाही. पण त्याशिवायही तिच्याकडे बोलायला पुष्कळ होतं. भाजीबाजारात कोण कोणाशी भांडलं, सीरियलमधल्या सुनेनं काय करायला हवं होतं, आपल्या सुनेनं, धनश्रीनं, वांग्यात गूळ कसा घातला. बायका पाठीपेक्षा त्या गोष्टींसाठी तिला बोलवतात, असं जागेश्वर म्हणायचा. तो सिटी बस चालवायचा. दिवसभर हॉर्न ऐकून घरी आला की त्याला बायकोचा आवाज ऐकायला मिळायचा.

आता तिला गप्प बसण्याची एवढी धास्ती का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

तिचं माहेर उमरेडचं, कोष्ट्याचं घर. बाप रामाजी पराते करवतकाठी साड्या विणायचा. घरात दोन माग होते. उजाडलं की खटक-खट, खटक-खट सुरू. त्या आवाजावर चढून बोलायचं म्हणून घरातल्या सगळ्यांचेच गळे मोठे. चंद्रकला कांड्या भरता भरता गाणी म्हणायची, भावाशी भांडायची, शेजारणीला भिंतीपलीकडून हाका मारायची. मग गिऱ्हाईक आटलं. एक माग विकला गेला, दुसरा बंद पडला. बाप त्या बंद मागापुढं मांडीवर हात ठेवून बसायला लागला. तो कोणाशी बोलेना. घर कसं एकदम मुकं झालं. ती शांतता चंद्रकलाला सहनच झाली नाही. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. मग तीच बोलायला लागली. बापापुढं उभी राहून काहीबाही सांगायची, नकला करायची. बापानं कधी 'हं' म्हटलं नाही. लग्न होऊन ती नागपूरला आली, पोरं झाली, त्यांची लग्नं झाली, तरी कुठं जरा सामसूम झाली की तिला तो बंद माग दिसायचा आणि तोंड आपोआप सुरू व्हायचं. हे तिनं जागेश्वरलाही कधी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. चंद्रकला घरी आली आणि पहिल्याच दिवशी तिनं टाळ्या वाजवून, भांडी आपटून आणि भिवया उडवून घर डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी ती स्कुटीला किक मारून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी बोलायला मनाई केली होती, हात चालवायला नाही! धनश्रीनं एकेका घरी फोन लावला, "आई येतील. पण बोलणार नाहीत."

"मंग मजा काय?" पहिल्याच फोनवर भैरवी म्हणाली.

भैरवी म्हाळगी नगरातली बाळंतीण, दीड महिन्याचं पोर. चंद्रकलानं तिला चटईवर पालथं झोपवलं, तेल लावलं, आणि खोलीत शांतता पसरली. भैरवीनं ती लगेच मोबाइलवर सीरियल लावून भरून काढली. पण चंद्रकलाच्या डोक्यात तर त्याहून मोठा बाजार! बाहेर न पडलेली सगळी वाक्यं आत फिरायला लागली. हे सांगायचं होतं, ते सांगायचं होतं, त्या दिवशी ती असं म्हणाली तेव्हा आपण तसं म्हणायला हवं होतं. मालिश संपली तेव्हा ती घामानं भिजली होती. तोंड चालू असताना डोकं हलकं राहायचं. तोंड बंद झालं आणि सगळं वजन वर चढून बसलं. तीन आठवडे असंच गेले तर वेड लागेल, असं तिला वाटलं. जिना उतरताना ती खरंच घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी अयोध्या नगरात मोहरील काकूंकडे जायचं होतं. प्रेमलता मोहरील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. वीस वर्षं त्या सकाळी उठून ध्यानाला बसत. गुडघे बदलले, आणि जमिनीवर मांडी घालणं बंद झालं. खुर्चीवर बसून पाहिलं, गादीवर टेकून पाहिलं. मन काही जागेवर येईना. "माझं आसन गेलं गं, त्याबरोबर बाकी सगळंच गेलं," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. डॉक्टरांना विचारून आठवड्यातून तीनदा त्या पाठ, खांदे आणि तळपाय चोळून घ्यायच्या. आणि दर वेळी चंद्रकलाला सांगायच्या, "जरा हळू बोल बाई."

दार उघडल्यावर चंद्रकलानं गळ्याकडे बोट दाखवलं, ओठांवर बोट ठेवलं, तीन बोटं वर केली. धनश्रीचा फोन येऊन गेलाच होता.

"तीन आठवडे!" काकूंचा चेहरा खुलला. "अगं आधी सांगायचंस, पेढे आणून ठेवले असते!"

चंद्रकलानं डोळे वटारले. काकू हसत हसत पलंगावर पालथ्या झाल्या.

तेल कोमट होतं. तिनं दोन्ही तळवे कमरेवर ठेवले आणि वर सरकवले, खांद्यांपर्यंत, मानेपर्यंत, आणि बाजूंनी पुन्हा खाली. डोक्यातला बाजार सुरूच होता. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग तिच्या लक्षात आलं, की काकू श्वास आत घेतात तेव्हा पाठ तिच्या हाताला थोडी वर येऊन भेटते, आणि सोडतात तेव्हा हातासकट खाली जाते. इतके महिने ही पाठ तिच्या हाताखाली होती, आणि हे तिला माहीतच नव्हतं! तिनं हात त्या चालीनं सोडला. श्वास आत, हात वर. श्वास बाहेर, हात खाली. थोड्या वेळानं तिचा स्वतःचा श्वासही त्याच चालीवर पडला.

डोक्यात एक वाक्य चाललं होतं, जागेश्वरला काहीतरी सांगायचं होतं. ते मधेच तुटलं. पुढचं वाक्य आलं नाही.

ती वाट पाहत राहिली. आलंच नाही.

खालच्या घरात कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. सगळं ऐकू येत होतं, अगदी स्वच्छ, पण येत होतं आणि निघून जात होतं, थांबत काहीच नव्हतं. तिचा तळवा कुठं संपतो आणि काकूंची पाठ कुठं सुरू होते, हे तिला सांगता आलं नसतं. हात चालले होते. ते ती चालवत होती असंही नव्हतं. तिला बंद माग दिसला नाही. छातीवर पाटा नव्हता. ज्या शांततेला ती आयुष्यभर पळवून लावत आली, ती खोलीत येऊन बसली होती आणि तिची भीती म्हणून वाटत नव्हती. उलट, कोणीतरी जवळचं येऊन बसावं तसं होतं.

कटोरीतलं तेल कधी गार झालं कळलं नाही. हात आपोआप थांबले आणि काकूंच्या पाठीवर तसेच राहिले.

बऱ्याच वेळानं काकू कुशीवर वळल्या. त्यांच्या गालावर उशीची वळी उमटली होती आणि डोळे ओले होते. त्यांनी चंद्रकलाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तुला पण?" त्यांनी विचारलं.

चंद्रकलानं मान हलवली. एकदा, दोनदा, मग जोरजोरात.

"वर्ष झालं गं," काकू म्हणाल्या. "वर्षभर मी त्या खुर्चीवर बसून वाट पाहत होते. मला वाटलं, माझ्यापुरतं ते संपलं."

खाली येऊन चंद्रकलानं स्कुटी सुरू केली आणि तिच्या अंगात वारंच शिरलं! काय होतं हे? कोणाला सांगू? मानेवाडा चौकात सिग्नल हिरवा झाला तरी ती आपली आभाळाकडे पाहून हसत उभी. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. एक ऑटोवाला ओरडला, "ओ काकू, झोप लागली का?" तिनं त्यालाही हसून हात केला.

घरी जागेश्वर जेवून ड्युटीवर निघत होता. तिनं त्याला दारातच धरलं. दोन्ही हात हवेत वर-खाली केले, छातीवर ठेवले, डोळे मिटले, उघडले, हात पसरले.

"काय झालं वं? तेल सांडलं?"

नाही, नाही! तिनं कपाळावर बोट ठेवलं, मग मूठ उघडून रिकामा हात दाखवला.

"डोस्कं दुखून राहिलं? पैशाचं पाकीट पडलं?"

तिनं पाय आपटला. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. सून स्वयंपाकघरातून पाहायला आली.

"मले वाटते, आईले चक्कर आली असंल," धनश्री म्हणाली.

"चक्कर आलेला माणूस असा नाचते का?" जागेश्वर म्हणाला. "ऑपरेशनच्या गोळ्यानं झालं असंल. उद्या डॉक्टरले फोन लावतो."

चंद्रकला कट्ट्यावर बसून पोट धरून हसली. तेही बिनआवाजाचं! सापडलं होतं ते शांततेतलं, आणि ते ओरडून सांगितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. आणि ओरडायला तर बंदी!

पुढचे दोन-तीन दिवस मात्र ती शांतता परत आली नाही. चंद्रकला तिच्या मागेच लागली होती. हात पाठीवर पडले की डोकं विचारायला लागायचं, आलं का? आता येईल का? मागच्या वेळी डावा हात आधी होता की उजवा? काकूंकडे तर ती अशी झटत होती, की त्या कण्हल्या.

"चंद्रकला, थांब. आज तू माझ्या पाठीत काहीतरी हरवलेलं शोधते आहेस. दुखतंय मला."

चंद्रकलानं जीभ चावली.

"हसू नकोस, पण मी खुर्चीवर बसून हेच करत होते," काकू उठून बसत म्हणाल्या. "काल मिळालं ते आज पण पाहिजे. तसं नाही येत ते. माझ्या गुरूंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि मी वीस वर्षांनी पुन्हा विसरले. तू कशाच्या मागं जाऊ नकोस. नुसतं तेल लाव. मी नुसती पडून राहते. येवो, न येवो."

चंद्रकलानं तेल लावलं. त्या दिवशी ते आलं नाही. पण आलं नाही म्हणून तिला हुरहूरही लागली नाही, आणि हे काहीतरी नवीनच होतं.

ते आलं भैरवीच्या घरी, आणि तेही कधी? पोर ठणाणा रडत असताना! चंद्रकला पाय लांब करून पाटावर बसली होती, पोराला पायांवर पालथं घातलं होतं, आणि तो गडी लालबुंद होऊन छत फाडत होता. एरवी तिनं त्याला रिझवायला शंभर आवाज काढले असते. आता फक्त हात. पाठीवरून खाली, पोटऱ्यांवरून खाली, एवढ्याएवढ्या तळव्यांपर्यंत. रडण्याचा आवाज तिच्या कानांत पूर्ण शिरत होता आणि आत जाऊन कुठंच आदळत नव्हता. पोर रडत होतं, ती तेल लावत होती, आणि दोन्हीच्या खाली एक मोठं निवांत अंगण होतं. थोड्या वेळानं पोर हुंदके देत देत थांबलं आणि मान वळवून तिच्याकडे टक लावून पाहायला लागलं.

"काकू," भैरवी म्हणाली. तिनं सीरियल कधी बंद केली होती कोण जाणे. "तुम्ही हसून राहिल्या का रडून राहिल्या?"

चंद्रकलानं खांदे उडवले. तिलाही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं, की शांत व्हायला आवाज बंद व्हावा लागत नाही. हे कळल्याबरोबर तिला बापाची आठवण आली, इतकी जोरात की हात थबकले.

तिनं अर्ध्या नागपूरच्या पाठी चोळल्या होत्या. बापाच्या अंगाला तिनं कधी तेलाचं बोट लावलं नव्हतं. त्याच्याजवळ बसायचं म्हणजे त्या मुकेपणात बसायचं. माहेरी गेली की ती भावाशी, भावजयीशी, शेजारपाजाऱ्यांशी बोलून घ्यायची, बापाला लांबून 'बरे हाव ना बाबा?' विचारायची आणि उत्तर न घेता निघायची.

रविवारी सकाळी तिनं स्कुटी उमरेड रोडला लावली. जागेश्वरनं कुठं म्हणून विचारलं, तर तिनं मिशीवरून हात फिरवून दाखवला. म्हाताऱ्याच्या मिशा मोठ्या होत्या. एवढं मात्र त्याला लगेच समजलं.

भाऊ भैयाजी अंगणातच होता. "अवं, एकटी? अन् बोलाचं नाही ना तुले?" तिनं मान हलवली, डिकीतून तेल काढलं आणि ओसरीकडे बोट केलं.

रामाजी ऐंशीच्या पुढचा. ओसरीवर बाजेवर बसलेला, मांडीवर हात, नजर समोरच्या भिंतीवर. आत जिथं मागाचा खड्डा होता, तिथं आता फरशी बसवली होती आणि तिच्यावर भैयाजीचा फ्रीज उभा होता. चंद्रकलानं चुलीवर कटोरी गरम केली, बापापुढं खाली बसली आणि त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला.

त्यानं पाय मागं ओढला. "पोरीनं पायाले हात लावू नये वं."

एरवी तिनं यावर व्याख्यान दिलं असतं. आता ती फक्त हात पुढं करून बसून राहिली. म्हातारा वाट पाहत होता, आता ही सुरू होईल. ती सुरू झाली नाही. मग पाय हळूच परत मांडीवर आला.

पोटऱ्या लाकडासारख्या होत्या. घोट्याच्या वर, जिथं मागाच्या पावड्या पायांनी दाबून दाबून शिरा ताठरल्या होत्या, तिथं तिनं अंगठा ठेवला आणि नुसता ठेवून दिला. दाबला नाही, रगडला नाही. बापाचा श्वास वरवरचा, तुटक येत होता. ती त्याच्याबरोबर श्वास घेत राहिली. वर, खाली. काही आणायचं नव्हतं, काही घालवायचं नव्हतं. ओसरीवर ती शांतता होतीच, तीस-पस्तीस वर्षांची, जुनी. चंद्रकला तिच्यात बसली. पहिल्यांदाच बसली. आणि काही झालं नाही तिला!

कधीतरी तिच्या मांडीवरचा पाय हलला. बोटं खाली गेली, वर आली. मग दुसऱ्या पायाची. डावा, उजवा. डावा, उजवा. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते.

"बंद झाला," तो म्हणाला.

चंद्रकलानं वर पाहिलं.

"गलबला बंद झाला." आवाज गंजलेल्या कडीसारखा होता. "लोक म्हणत, रामाजीच्या घरी केवढी खटखट. मले तं ते ऐकूच येत नव्हती वं. धोटा इकून तिकडं, तिकून इकडं. त्यात मी कुठंच राहत नव्हतो. सकाळी बसलो का दुपार कधी झाली समजे ना. लय शांत वाटे. माग थांबला अन् डोस्क्यात खटखट सुरू झाली. तेच ऐकत बसलो. तुम्हाले वाटे, बुढा गप्प हाय."

बापाला ठाऊक होतं! जे तिला आत्ता, या वयात सापडलं होतं, ते हा माणूस तरुणपणापासून रोज जगत होता, भर खटखटाटात! मलेही सापडलं बाबा, मलेही! ओरड घशापर्यंत आली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी त्याचा पाय छातीशी धरला.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "बोलून नाही राहिली आज? हाव, भैयाजी म्हणे तुह्या गळ्याचं काही झालं." त्यानं तिला जरा न्याहाळलं आणि त्याच्या मिशा हलल्या. "बरं हाय. तेवढ्यात मी बोलून घेतो."

आणि तो बोलला! तिच्या आईनं पहिल्यांदा रंगवलेल्या सुताचा रंग कसा सगळ्या अंगणभर उतरला ते सांगितलं. काठाचे करवतीसारखे दात एकसारखे यावेत म्हणून श्वास कसा धरायचा ते सांगितलं. ती तान्ही असताना मागाच्या शेजारी झोळीत झोपायची, माग चालू असेपर्यंत हूं की चूं करायची नाही, आणि थांबला की जागी होऊन आकांत मांडायची, हे सांगितलं. हे तर तिला कोणीच सांगितलं नव्हतं. ती दुसऱ्या पायाला तेल लावत ऐकत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

भैयाजी जेवायला बोलवायला आला तो दारातच थांबला. "बाबा बोलून राहिले?" तो कुजबुजला. चंद्रकलानं त्याला हातानं गप्प केलं. त्या दिवशी जेवणं फार उशिरा झाली.

तिसरा आठवडा सरला. डॉक्टरीणबाईंनी नळी घातली, पाहिलं, मान डोलावली. "गाठींचा मागमूस नाही. म्हणा, आ."

"आ," चंद्रकला म्हणाली, आणि दचकली. आवाज पातळ होता, नितळ, जरा कोवळाच. तिचा वाटतच नव्हता.

"हळू बोलायचं आता. थोडं थोडं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

दवाखान्याच्या जिन्यातच तिनं उमरेडला फोन लावला. भैयाजीनं फोन बापाच्या कानाला धरला.

"कोण वं?"

"मी चंदा, बाबा."

"आवाज बदलला तुहा."

"हाव."

मग दोघंही काही बोलले नाहीत. फोन कट झाला की काय म्हणून जागेश्वरनं डोकावून पाहिलं. झाला नव्हता. "इतवारी येतं का?" म्हाताऱ्यानं विचारलं. "येतो बाबा," ती म्हणाली.

खाली चहाच्या टपरीवर जागेश्वरनं दोन कट चहा मागवले, एक तिच्या हातात दिला आणि बाकड्यावर नीट सरसावून बसला. तीन आठवडे त्यानं दम धरला होता.

"हं, आता सांग. काय चालू होतं तुह्यं? त्या दिवशी नाचली काहून? मोहरील काकू फोनवर रडतात काहून? म्हातारा बोलाले लागला, हे काय भानगड हाय?"

चंद्रकलानं सांगायला सुरुवात केली. पाठ, श्वास, हात, तुटलेलं वाक्य, भैरवीचं पोर, बापाचा पाय. तिचे डोळे चमकत होते, चहा हिंदकळत होता, आणि आवाज मात्र डॉक्टरीणबाईंच्या धाकानं इतका हळू, की जागेश्वरला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला. सदरच्या त्या गर्दीत, हॉर्नच्या गोंगाटात, नवरा-बायको डोक्याला डोकं लावून बसलेले पाहून टपरीवाल्यालाही गंमत वाटली. तोही गॅस बारीक करून जरा पुढं झुकला.

"थांब," जागेश्वर मधेच म्हणाला. "म्हणजे नक्की झालं काय? ते एक सांग."

"काही नाही झालं गा!" चंद्रकला म्हणाली, आणि आनंदानं तिनं त्याचा दंड इतका घट्ट पकडला की चहा त्याच्या पँटवर सांडला. "तेच तं केव्हाची सांगून राहिली मी तुले. काहीच नाही झालं!"